मृत्युपत्र लिहून देणाऱ्या वकिलांना खुले पत्र : एक प्रश्न जास्तीचा विचारा

स. न. वि. वि.

मी एका बालरुग्णालयाच्या देणगी विभागात काम करते. आमच्याकडे अधूनमधून एखाद्या वकिलाच्या कार्यालयातून पाकीट येतं. आत मृत्युपत्राची प्रत असते आणि त्यातल्या एका कलमात आमच्या रुग्णालयाचं नाव असतं. ते नाव तिथे कसं आलं हे बहुतेक वेळा आम्हाला कळत नाही. कधी कळलंच, तर त्यामागे बहुधा एकच गोष्ट निघते. मृत्युपत्र तयार होत असताना कुणीतरी त्या माणसाला विचारलं होतं.

म्हणून हे पत्र देणगीदारांना नाही, तुम्हाला आहे. माणूस मृत्युपत्र करायला आयुष्यात एकदा बसतो, फार तर दोनदा, आणि तेव्हा त्याच्या समोर तुम्ही असता. घर कुणाला, दागिने कुणाला, ठेवी कशा वाटायच्या, दूर राहणाऱ्या मुलीचा हिस्सा तिच्यापर्यंत कसा पोचवायचा, मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा व्यवस्थापक कोण, साक्षीदार कोण, हे सगळं तुम्ही विचारता. अनुभवाने तुमची प्रश्नांची यादी पक्की झालेली असते. त्या यादीत एक प्रश्न बहुधा नसतो : "घरच्यांची सोय झाल्यावर एखाद्या धर्मादाय कामासाठी काही ठेवावं असं तुमच्या मनात आहे का?" हा प्रश्न प्रत्येक अशिलाला विचारला जावा, एवढीच माझी मागणी आहे. तो श्रीमंतालाही विचारावा आणि बेताची मिळकत असलेल्यालाही. मूलबाळ नसलेल्याला विचारावा तसाच भरल्या घरातल्यालाही.

नुसत्या प्रश्नाने काय होणार, असं वाटणं साहजिक आहे. ब्रिटनमध्ये याची चाचणी झाली आहे आणि तिचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. फोनवरून मृत्युपत्र नोंदवणाऱ्या लोकांचे तीन गट केले होते. पहिल्या गटाला धर्मादाय देणगीबद्दल काहीच विचारलं नाही. त्यातल्या सुमारे ५ टक्के लोकांनी आपणहून देणगी ठेवली. दुसऱ्या गटाला साधा प्रश्न विचारला, की मृत्युपत्रात एखाद्या संस्थेसाठी काही ठेवायचं आहे का? हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास गेलं. तिसऱ्या गटाला आधी सांगितलं, की आमच्याकडे येणारे बरेच लोक असं काही ठेवतात, आणि मग विचारलं, की तुम्हाला विशेष जिव्हाळा वाटतो असं एखादं काम आहे का? तिथे प्रमाण १५ टक्क्यांवर गेलं आणि देणगीची सरासरी रक्कमही पहिल्या गटाच्या जवळपास दुप्पट झाली.

या आकड्यांत मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो पाचाचा दहा होणं. त्या दुसऱ्या गटात कुणी कुणाचं मन वळवलं नव्हतं. कसली जाहिरात दाखवली नव्हती, कुणाची करुण कहाणी सांगितली नव्हती. इच्छा त्या लोकांच्या मनात आधीपासून होती आणि कुणी विचारलं नसतं तर ती मनातच राहिली असती. आपण होऊन हा विषय काढायला माणूस संकोचतो. शेजारी मुलगा बसलेला असतो. वकिलाचा वेळ मोजलेला असतो. आपली मालमत्ता ती काय, त्यात रुग्णालयाला द्यायचं म्हणजे आपण स्वतःला कोण समजतो, असंही वाटून जातं. तुमच्या एका प्रश्नाने हा संकोच सुटतो.

तुमच्यापैकी काहींना हे व्यवसायाच्या मर्यादेत बसणारं वाटत नाही, हे मला ठाऊक आहे. अशिलाच्या मनात आपण काही घालू नये, त्याने सांगावं आणि आपण लिहावं, ही शिस्त चांगलीच आहे. तिच्यामागे मोठा इतिहासही आहे. मरणाच्या दारातला माणूस पुण्याच्या आशेने किंवा परलोकाच्या भीतीने सगळं दान करून टाकेल आणि वारस उघड्यावर पडतील, अशी भीती कायद्याला शतकानुशतकं वाटत आली आहे. इंग्लंडमध्ये १७३६ साली कायदा झाला, की मृत्युपत्राने धर्मादाय संस्थेला जमीन देता येणार नाही. द्यायचीच असेल तर मृत्यूच्या किमान बारा महिने आधी रीतसर दस्त करून ती नोंदवली पाहिजे. हे बंधन १८९१ मध्ये बरंचसं सैल झालं, पण तोवर त्याची सावली इतर देशांच्या कायद्यांवर पडली होती. भारतीय वारसा अधिनियम, १९२५ मधल्या कलम ११८ मध्ये तोच बारा महिन्यांचा नियम होता. पुतण्या, भाचा किंवा त्याहून जवळचा नातलग असलेल्या माणसाचं धर्मादाय दानाचं मृत्युपत्र मृत्यूच्या बारा महिने आधी झालेलं असलं पाहिजे आणि केल्यापासून सहा महिन्यांत जमा केलेलं असलं पाहिजे. प्रत्यक्षात हे बंधन मुख्यतः ख्रिस्ती समाजावरच पडत होतं. सर्वोच्च न्यायालयाने २००३ च्या जुलैमध्ये ते समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवून रद्द केलं.

ती भीती निराधार होती असं मी म्हणणार नाही. आजारी, एकटा, दुसऱ्यावर अवलंबून असलेला माणूस कुणाच्याही शब्दाला भुलू शकतो, आणि त्यात रुग्णालयंही आली. ज्या रुग्णालयात माणूस खाटेवर पडला आहे, त्याच रुग्णालयाला मालमत्ता देणारं मृत्युपत्र तिथेच लिहिलं जावं आणि तिथल्याच कर्मचाऱ्याने साक्षीदार म्हणून सही करावी, हे मला मुळीच मान्य नाही. माझ्या संस्थेचा कितीही फायदा होत असला तरी नाही. पण यावरचा उपाय गप्प बसणं हा नव्हे. माणूस धडधाकट असताना, तुमच्या कार्यालयात, रुग्णालयाचं कुणीही आसपास नसताना आणि विचार करायला हवा तेवढा वेळ देऊन त्याला विचारणं, हा उपाय आहे. ज्याचा यात काही स्वार्थ नाही असा एकच माणूस त्या वेळी त्याच्यासमोर असतो. तो तुम्ही.

तुम्ही कोणत्याही संस्थेचं नाव सुचवू नये, माझ्याही नाही. पण प्रश्न विचारल्यावर अशील उलट विचारतो, "मुलांच्या हॉस्पिटलला दिलं तर खरंच उपयोग होतो का? ते तर उपचारांचे पैसे घेतातच." याचं उत्तर तुमच्याजवळ असावं म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

तीन किलो वजनाच्या नवजात बाळाच्या अंगात सगळं मिळून साधारण अडीचशे मिलीलीटर रक्त असतं. मोठ्या माणसाच्या तपासणीसाठी पाच मिलीलीटरची एक नळी भरली तर त्याला पत्ताही लागत नाही. या बाळाकडून तेवढंच घेणं म्हणजे मोठ्या माणसाचं शंभर मिलीलीटर रक्त काढून घेण्यासारखं आहे, आणि अतिदक्षता विभागातल्या बाळाला अशा तपासण्या पुन्हा पुन्हा लागतात. म्हणून थेंबभर रक्तावर चालणारी यंत्रं लागतात आणि टाचेतून ते थेंब काढणारे सराईत हात लागतात. श्वासनलिकेत घालायच्या नळ्या अडीच मिलिमीटर आतल्या व्यासापासून अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरने वाढत जातात. रक्तदाब मोजायचे पट्टे, मुखवटे, सुया, कॅथेटर, सगळ्यांचं तसंच. बाराशे ग्रॅमच्या बाळापासून साठ किलोच्या मुलापर्यंत सगळे एकाच छताखाली येतात, म्हणून प्रत्येक वस्तू प्रत्येक मापात हाताशी ठेवावी लागते. त्यातली काही मापं महिनोन्महिने वापरलीही जात नाहीत. पण ती लागतात तेव्हा त्याच मिनिटाला लागतात.

औषधं वजनावर मोजली जातात. दशांशचिन्ह एक घर सरकलं की डोस दहापट होतो. म्हणून अनेक औषधं दोन परिचारिका स्वतंत्रपणे मोजून ताडून पाहतात. कृत्रिम श्वासावर असलेल्या मुलाजवळ एक परिचारिका फक्त त्याच्यासाठी असावी लागते, कारण दुखतंय कुठे हे ते सांगू शकत नाही आणि हाताला लागलेली नळी ते कधीही ओढून काढू शकतं. माणसांची ही संख्या यंत्रांनी कमी होत नाही.

आता ज्यांचं बिल कुणाच्याच नावाने फाडता येत नाही अशा गोष्टी. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक रुग्णालयांत आईबापांना मुलाला ठरावीक वेळेतच भेटता येई. काही ठिकाणी तर आठवड्यातून एखाद्याच दिवशी. ब्रिटनमधल्या एका सरकारी समितीने १९५९ मध्ये शिफारस केली, की आईबापांना कधीही येऊ द्यावं आणि लहान मुलांच्या आयांना मुक्कामाला राहू द्यावं. त्या विचाराने जगभरचे मुलांचे वॉर्ड हळूहळू बदलले. आज मुलाच्या खाटेशेजारी आई किंवा बाप नसणं ही कल्पनाही आम्हाला करवत नाही. पण त्या आईला झोपायला खाट, अंघोळीला न्हाणीघर, दुधावर असलेल्या बाळासाठी दूध काढून ठेवायची स्वच्छ खोली आणि घरी राहिलेल्या भावंडांना भेटीला आल्यावर बसायला जागा लागते. हा खर्च उपचारांत धरला जात नाही. आमच्यासारख्या ठिकाणी खेळातून मुलांना तपासणीसाठी तयार करणारे प्रशिक्षित लोक असतात. एमआरआयच्या बोगद्यात किती आवाज होतो, तिथे किती वेळ निश्चल पडून राहायचं, याची आधी बाहुलीवर, मग खोट्या यंत्रात रंगीत तालीम होते. त्यामुळे अनेक मुलांना भूल न देता तपासणी करता येते. भुलीची गरज टळणं हा वैद्यकीय फायदा आहे, तरी त्या खेळाचा पगार अंदाजपत्रकात मांडला की सगळ्यात आधी त्याच्यावरच काट मारली जाते. असे पगार देणग्यांवर चालतात.

आणखी एक कारण आहे, ते क्वचितच बोललं जातं. मोठ्यांच्या रुग्णालयाला त्याचे बरे झालेले रुग्ण मदत करतात. साठीतल्या माणसाचं हृदयाचं ऑपरेशन यशस्वी झालं, की त्याच्या पुढच्या मृत्युपत्रात त्या रुग्णालयाचं नाव येण्याची शक्यता असते. आमचा रुग्ण बरा होऊन जातो तेव्हा चार वर्षांचा असतो. तो मृत्युपत्र करील तोवर साठ-सत्तर वर्षं उलटलेली असतील, आणि कोणत्या रुग्णालयात आपण वाचलो हे त्याला आठवेलच असं नाही. त्याचे आईबाप कृतज्ञ असतात, पण उपचारांत ते पिळून निघालेले असतात आणि त्यांच्यापुढे मूल वाढवायचं असतं. म्हणून बालरुग्णालयांना मृत्युपत्रातून देणारे पुष्कळदा असे असतात ज्यांचा आमच्याशी कधीच संबंध आलेला नसतो. कुणाला स्वतःचं मूल नसतं. कुणाचं मूल फार पूर्वी गेलेलं असतं, आणि तेव्हा उपचारच नव्हते. या लोकांपर्यंत आम्ही पोचू शकत नाही. ते तुमच्याकडे येतात.

'पीटर पॅन' हे मुलांचं गाजलेलं नाटक लिहिणाऱ्या जेम्स बॅरीला स्वतःचं मूल नव्हतं. लंडनचं ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालय १८५२ च्या फेब्रुवारीत अवघ्या १० खाटांनी सुरू झालं होतं आणि पुढे दीर्घकाळ देणग्यांवर चाललं. १९२९ मध्ये नव्या विस्तारासाठी जागा घ्यायची होती. त्या समितीत येता का, असं बॅरीला विचारलं. त्याने समितीत यायला नकार दिला, पण थोड्याच दिवसांत आपल्या 'पीटर पॅन'चे सर्व हक्क रुग्णालयाला देऊन टाकले. १९३७ मध्ये तो वारला तेव्हा मृत्युपत्रातही त्याने हे दान कायम केलं. किती पैसे मिळतात हे कधी जाहीर करू नये, अशी त्याची इच्छा होती आणि रुग्णालयाने ती पाळली. मृत्यूनंतरची ५० वर्षं भरल्यावर १९८७ मध्ये ब्रिटनमध्ये हे हक्क संपले. तेव्हा माजी पंतप्रधान जेम्स कॅलहॅन यांनी पुढाकार घेतला, आणि १९८८ च्या कायद्यात खास कलम घालून त्या नाटकाच्या तिथल्या मानधनावर रुग्णालयाचा कायमचा हक्क ठेवण्यात आला. ही गोष्ट मी सांगते ती दोन कारणांसाठी. एक म्हणजे देण्यासारखी वस्तू रोख रक्कमच असते असं नाही. लेखनाचं मानधन, शेअर, विम्याची रक्कम, जमिनीचा तुकडा, घराच्या विक्रीतला हिस्सा, यातलं काहीही चालतं. दुसरं म्हणजे बॅरीनेही आपणहून सुरुवात केली नव्हती. त्यालाही आधी कुणीतरी काहीतरी विचारलं होतं.

आता तुमच्या हातातल्या खऱ्या कामाकडे येते. देणगीची इच्छा असूनही ती नीट पोचत नाही, तेव्हा दोष बहुतेक वेळा शब्दांत असतो.

सगळ्यात साधी अडचण नावाची. "मुलांच्या हॉस्पिटलला" एवढंच लिहिलेलं मृत्युपत्र मी पाहिलं आहे. त्या वर्णनात बसणाऱ्या एकाहून अधिक संस्था असल्या, की व्यवस्थापक बिचारा हवालदिल होतो आणि प्रकरण लांबतं. रुग्णालयाच्या पाटीवरचं नाव आणि त्याच्या मागच्या विश्वस्त संस्थेचं नोंदणीकृत नाव पुष्कळदा वेगळं असतं. नाव, नोंदणी क्रमांक आणि पत्ता तिन्ही लिहा. ही संस्था बंद झाली, दुसरीत विलीन झाली किंवा तिचं नाव बदललं तर तिचं काम पुढे चालवणाऱ्या संस्थेला द्यावं, हेही एका वाक्यात लिहून टाका. रुग्णालयाला फोन केलात तर हा मजकूर आम्ही लगेच पाठवतो, आणि अशिलाचं नाव विचारत नाही.

दुसरी गोष्ट रक्कम की हिस्सा. लोकांना ठरावीक आकडा लिहायला आवडतं, कारण तो डोळ्यांना दिसतो. पण मृत्युपत्र लिहिल्यानंतर माणूस पंचवीस-तीस वर्षं जगू शकतो, आणि त्याने जगावंच. तेवढ्या काळात आकडा तोच राहतो आणि त्याची किंमत झिजत जाते. उलट बाजूही आहे. शेवटच्या आजारपणात मालमत्ता आटली, तर ठरावीक आकडा आधी वजा होतो आणि घरच्यांच्या वाट्याला कमी येतं. म्हणून कर्जं, खर्च आणि घरच्यांना नेमून दिलेल्या गोष्टी वजा जाता जे उरेल त्याचा अमुक टक्के हिस्सा, असं लिहिणं दोन्ही बाजूंनी न्यायाचं आहे. दोन टक्के लिहिले तरी चालतात. छोट्या हिश्शाला आम्ही छोटं मानत नाही.

तिसरी गोष्ट अटींची, आणि इथे मला जरा थांबायचं आहे. १९२८ च्या ऑक्टोबरमध्ये बॉस्टनच्या बालरुग्णालयात पोलिओने श्वास बंद पडत चाललेल्या आठ वर्षांच्या मुलीला पहिल्यांदा 'लोखंडी फुफ्फुसा'त ठेवलं. पुढच्या दोन दशकांत त्या यंत्राने असंख्य मुलांचा श्वास चालू ठेवला. समजा, १९५० साली एखाद्याने मृत्युपत्रात लिहिलं असतं, की माझं सर्वस्व फक्त लोखंडी फुफ्फुसं घेण्यासाठी वापरावं. त्याला कुणीही दूरदर्शीच म्हटलं असतं. १९५५ मध्ये पोलिओची लस आली आणि काही वर्षांतच त्या यंत्रांची गरज ओसरली. लिहिणाऱ्याचा हेतू मुलांचा श्वास चालू राहावा हा होता, पण कागदावर यंत्राचं नाव राहिलं असतं. असा हेतू कालबाह्य झाला तर अनेक देशांत न्यायालय त्याच्या जवळात जवळचा उपयोग ठरवून देऊ शकतं. पण त्याला अर्ज, सुनावण्या, खर्च आणि वेळ लागतो, आणि तोवर पैसा पडून राहतो.

मोकळे शब्द लिहिले तर काय होतं, हेही दिसतं. आल्फ्रेड ड्यू पॉन्ट हा अमेरिकन उद्योगपती १९३५ मध्ये वारला. त्याच्या मृत्युपत्राने उभ्या राहिलेल्या निधीतून डेलावेअरमध्ये अपंग मुलांसाठी रुग्णालय निघालं, ते १९४० मध्ये सुरू झालं. सुरुवातीचं काम हाडा-सांध्यांचं होतं. काळाबरोबर आजार बदलले आणि तेच रुग्णालय वाढत जाऊन मुलांच्या सर्व आजारांवर उपचार करणारं झालं. एका विशिष्ट शस्त्रक्रियेला किंवा यंत्राला ते बांधलेलं असतं तर हे जमलं नसतं. याच्या उलट टोकाला स्टीफन जिरार्डचं मृत्युपत्र आहे. तो १८३१ मध्ये वारला आणि फिलाडेल्फियात अनाथ मुलांच्या शाळेसाठी त्याने त्या काळातली प्रचंड संपत्ती ठेवली. अट मात्र घातली, की मुलं गोरीच हवीत. ती अट मोडून शाळेचे दरवाजे कृष्णवर्णीय मुलांना उघडायला १९६८ साल उजाडलं, आणि त्याआधी वर्षानुवर्षं न्यायालयांत आणि रस्त्यावर झगडावं लागलं. मेलेल्या माणसाचा शब्द जिवंत मुलांच्या आड इतका काळ उभा राहू शकतो. जात, धर्म, लिंग, गाव अशा अटी अशील सुचवू लागला, तर कृपा करून हे उदाहरण त्याला सांगा.

मी सुचवते तो मजकूर असा : "रुग्णालयाच्या सर्वसाधारण कार्यासाठी." अशिलाला एखाद्या विभागाची ओढ असेल, त्याचं बाळ मुदतीआधी जन्मलं असेल किंवा त्याच्या नातीला रक्ताचा कर्करोग झाला असेल, तर पुढे लिहा : "शक्य असेल तोवर नवजात विभागासाठी वापरावं अशी माझी इच्छा आहे, मात्र ही अट नाही." त्या एका वाक्याने भावना जपली जाते आणि विश्वस्तांचे हातही मोकळे राहतात. रक्ताच्या कर्करोगाचंच बघा. १९४८ मध्ये बॉस्टनच्या बालरुग्णालयातल्या सिडनी फार्बर यांनी औषधाने काही मुलांचा आजार तात्पुरता मागे हटल्याचं पहिल्यांदा प्रसिद्ध केलं. तेव्हा हा आजार म्हणजे काही आठवड्यांचा किंवा महिन्यांचा हिशेब होता. आज चांगल्या सोयी असलेल्या देशांत मुलांमधल्या त्याच्या सर्वांत सामान्य प्रकारातून दहापैकी सुमारे नऊ मुलं वाचतात. तीस वर्षांनी पैशाची सर्वांत जास्त गरज कुठे असेल हे आज लिहिणाऱ्याला कळू शकत नाही, आणि आम्हालाही नाही.

घरच्यांबद्दल. देणगीपायी वारसांशी भांडण लागावं असं कोणत्याही बालरुग्णालयाला वाटत नाही. अनेक कायदे ही काळजी घेतातच. फ्रान्समध्ये एक मूल असेल तर निम्मी मालमत्ता, दोन असतील तर दोन तृतीयांश, तीन किंवा अधिक असतील तर तीन चतुर्थांश मालमत्ता मुलांसाठी राखीव असते. मुस्लिम कायद्यात साधारणपणे एक तृतीयांशापर्यंतच मृत्युपत्राने देता येतं. जिथे अशी बंधनं नाहीत तिथे तुमची जबाबदारी मोठी आहे. इंग्लंडमध्ये एका आईने दुरावलेल्या मुलीला वगळून जवळपास सगळं प्राणिसेवेच्या संस्थांना दिलं, आणि तो वाद दशकभर चालून २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपला. धर्मादाय संस्थांचं काम अशा मृत्युपत्रांवर किती अवलंबून असतं, याची नोंद न्यायालयाने घेतली. पण एवढा काळ न्यायालयात जाण्यात कुणाचंच भलं झालं नाही. अशिलाला सांगा, की देणगीचा निर्णय घरच्यांना आताच, स्वतःच्या तोंडाने सांगा. वडिलांनी हयातीत बोलून दाखवलेली इच्छा मुलं सहसा अभिमानाने पुरी करतात. तीच गोष्ट तेराव्यानंतर कागदातून कळली, की संशय येतो.

एक कलम तर कुणाच्याही हिश्शाला हात न लावता घालता येतं. मृत्युपत्रात नेमलेले सगळे लाभार्थी मृत्युपत्र करणाऱ्याच्या आधीच गेले, तर मालमत्तेचं काय, हे अनेक मृत्युपत्रांत लिहिलेलंच नसतं. मग दूरच्या, कधी न भेटलेल्या नातलगांचा शोध सुरू होतो, आणि कुणीच सापडलं नाही तर मालमत्ता सरकारजमा होते. "वरीलपैकी कुणीही हयात नसल्यास अमुक बालरुग्णालयाला" हे शेवटचं वाक्य प्रत्येक अशिलापुढे ठेवायला हरकत नसावी. ज्यांचं कुटुंब लहान आहे, ज्यांचं एकुलतं एक मूल दूर आहे, त्यांना ते पटकन पटतं.

पूर्वी केलेलं मृत्युपत्र बदलायचं नसेल तर छोटं पुरवणी मृत्युपत्र पुरतं. तेही तितक्याच काटेकोरपणे सही-साक्षीने करायला हवं, हे तुम्हाला मी सांगायला नको. साक्षीदार मात्र लाभार्थी संस्थेशी संबंधित नसावा. कायदा चालवून घेत असला तरीही नसावा.

शेवटी, व्यवस्थापक आमच्याकडे रक्कम पाठवतात तेव्हा सोबत तो माणूस कोण होता याच्या चार ओळी लिहून पाठवता आल्या, तर पाठवायला सांगा. अर्थात त्या माणसाला ते चालणार असेल तरच. शिक्षक होता की गवंडी, मुलांशी त्याचं काय नातं होतं, आमचंच रुग्णालय का निवडलं. आमच्या परिचारिका विचारतात, आणि आमच्याकडे बहुधा फक्त नाव असतं.

पुढच्या अशिलासाठी तुमची टिपणवही उघडाल तेव्हा व्यवस्थापकाच्या नावाआधीच्या ओळीत हा प्रश्न लिहून ठेवा. "नाही" असं उत्तर आलं तर पुढे जा. ते उत्तरही योग्यच आहे. "हो, पण कसं ते माहीत नाही" असं आलं, तर जवळच्या कोणत्याही बालरुग्णालयाच्या कार्यालयाला फोन करा आणि नोंदणीकृत नाव, क्रमांक आणि कलमाचा मसुदा मागून घ्या.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एका बालरुग्णालयाच्या देणगी विभागातली कर्मचारी